मेकॅनिकच्या मुलाची बढती

गिरीराजचं प्रत्येक भाषण एकाच वाक्यानं सुरू व्हायचं : ‘मी यशवंतपूरच्या मेकॅनिकचा मुलगा.’ टाळ्या पडल्या, की स्वारी मेकॅनिकांच्याच मुळावर उठायला मोकळी.

मोबाईल, मिक्सर, टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेची वकिली तो करायचा. काळ्या कोटातली नव्हे, सरकारी साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळत करायची ती. पंधरा वर्षांत कमाई काय? बंगळुरात सर्जापूर रोडला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट, आणि कंपनीचा फायदा तेच गिऱ्हाइकाचं कल्याण, हे न हसता सांगायची कला. आता कंपन्यांवर सुटे भाग बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना विकायची सक्ती येऊ घातली होती. ती टळली, तर गिरीराज संघटनेचा महासचिव.

म्हणून त्यानं सरकारी समितीपुढे हुकमाचं पान टाकलं : खुद्द बापाची साक्ष.

‘‘अण्णा, एवढंच म्हणायचं, नवी मशिनं आम्हाला झेपत नाहीत, धोका असतो.’’

‘‘सरी, म्हणतो की,’’ व्यंकटेशअण्णा म्हणाले. चाळीस वर्षं मिक्सर उघडून त्यांनी या दिवट्याची इंजिनिअरिंगची फी भरली होती.

समितीच्या बाईंनी विचारलं, ‘‘नवी मशिनं जमत नाहीत?’’

‘‘न जमायला काय झालं अक्का? पार्ट द्या, स्वल्प वेळ द्या. ह्यालाच विचारा की! दहावीपर्यंत माझ्याकडे सोल्डरिंग हाच करायचा.’’

समिती हसली. गिरीराज उठला, हात जोडले, आवाजात पावशेर तूप ओतलं. ‘‘माफ करा. वडिलांचं वय झालंय. हल्ली त्यांना काही आठवत नाही.’’

अण्णा खाली बसले. साक्ष बाद झाली, सक्ती बारगळली, आणि महिन्याभरात गिरीराज महासचिव.

बढतीच्या आनंदात घरी तीस माणसं डोशाला बोलावली. चटणी अर्धवट असताना मिक्सर बंद पडला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, ‘‘चार दिवस लागतील सर. त्यापेक्षा नवा घ्या.’’

‘‘तुमचंच वाक्य ना हे?’’ बायको आसावरीनं विचारलं.

महासचिवांनी मुकाट यशवंतपूरला फोन लावला. ‘‘अण्णा, मिक्सर बंद पडलाय. पाहुणे येतायत हो. येता का जरा?’’

‘‘मिक्सर?’’ अण्णा बराच वेळ आठवत राहिले. ‘‘वय झालं रे बाबा. काही आठवत नाही.’’

तीस माणसांनी डोसे टोमॅटो सॉसला लावून खाल्ले. जेवणानंतर गिरीराज दोन शब्द बोलायला उभा राहिला. ‘‘मी यशवंतपूरच्या मेकॅनिकचा मुलगा...’’

टाळ्या पडल्याच.