नऊ चिंचोके

भांड्यावरचा दाबाचा काटा तांबड्या रेघेच्या पुढे गेला होता आणि संगणकाच्या पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. महाडच्या रसायनाच्या कारखान्यातलं ते भांडं फुटलं असतं, तर त्याच्यापाशी उभा असलेला माझा मुलगा बबन राहिला नसता. तो वरून ओरडला, "साहेब, काटा पुढं गेला हाय." साहेब पडद्याकडे बघत बसले नाहीत. "वाफ हातानं बंद कर रे," एवढंच म्हणाले.

त्यांना आम्ही चिंचोकेसाहेब म्हणायचो. मूळचे दासगावचे. मुंबईत संगणक शिकून आले होते. खिशात फोडलेले नऊ चिंचोके असायचे, एक अंग पांढरं, एक काळं. मी संगणकाची खोली झाडायची, चहा द्यायची. चहा थंड झाल्यावरच प्यायचे. "गरम असला की घाई होते," म्हणायचे.

एकदा मला समोर बसवून म्हणाले, "मावशी, यंत्राच्या अगदी हाताशी एक छोटी आठवण असते. लागणारे आकडे मूळ साठ्यातून उतरवून तिथं ठेवतात. आकडा म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रांग, त्यातला एखादा ठिपका कधी कधी आपोआप उलटतो. यंत्र बिघडलेलं नसतं, आकडा मात्र खोटा होतो."

त्यांनी आठ चिंचोके मांडले. नववा असा ठेवला की पांढरे सम भरतील. पाठ फिरवली. मी एक उलटला. त्यांनी पांढरे मोजले आणि म्हणाले, "विषम आले. ही नक्कल टाकायची, मूळ साठ्यातून ताजी आणायची. यंत्र हेच करतं."

मग रोज चहाला हा खेळ. एक दिवस मी दोन उलटले. "बरोबर आहे," म्हणाले.

"कसलं बरोबर? दोन उलटलेत. तुमचं यंत्रपण असंच फसंल."

त्या दिवशी चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, दर पाव तासाने एकाने वर चढून काटा डोळ्यांनी बघायचा. माणसं हसली. "साहेबाचा आपल्याच यंत्रावर भरवसा नाय." बबन तर घरी येऊन म्हणायचा, "आये, तुझ्या खेळापायी माझे गुडघे गेले."

काटा पुढे गेला त्या दिवशी बबनने भांडं तापवणाऱ्या वाफेचं चाक फिरवलं, काटा थांबला, मग हळूहळू उतरला. यंत्र बंद करून पुन्हा लावलं, तर वाफ कुठल्या दाबाला थांबवायची तो आकडा मूळ साठ्यातून ताजा येऊन जिथल्या तिथे. मोठे साहेब म्हणाले, पोरानेच काहीतरी दाबलं असणार. बबनची नोकरी जायची वेळ आली. चिंचोकेसाहेबांनी मोठ्या साहेबांच्या टेबलावर नऊ चिंचोके मांडले, त्यांना पाठ फिरवायला लावली आणि दोन उलटले. मोठ्या साहेबांनी मोजले. बरोबर आहे म्हणाले. मग चिंचोकेसाहेबांनी उलटलेले दोन दाखवले.

"असंच झालं असावं," चिंचोकेसाहेब म्हणाले. "पुरावा राहत नाही. पण या पोराचा दोष नाही." बबनची नोकरी राहिली.

पुढच्या वर्षी ते मुंबईला गेले. दर मार्चला चवदार तळ्यावर यायचे, तेव्हा माझ्याकडे थंड चहा पिऊन जायचे. नंतर यायचे थांबले. मुंबईला जाताना दिलेले चिंचोके अजून माझ्याकडेच आहेत. एकाला कीड लागली.

त्या दिवशी भांड्यापाशी चौघे होते. चौघेही आपल्या पायांनी घरी गेले. बबन आता साठीला आला.