तीन वजा उणे दोन

नव्वदच्या दशकात कोपरखैरणे नुकतं वसत होतं. आमच्या शाळेत एक बाई बदली शिक्षिका म्हणून एकच दिवस आल्या. नावही कळलं नाही. ‘तीन वजा उणे दोन’ शिकवायला त्यांनी व्हरांड्यात खडूनं संख्यारेषा आखली. आकड्यांना पाय लागेल म्हणून आम्ही सगळे कडेकडेनं चालायला लागलो. बाईंनी चपला काढल्या, रेषेला वाकून नमस्कार केला. “झालं! आता खुशाल पाय द्या.”

मी साताऱ्याहून नवीन आलेली, रोज रडायची. त्यांनी मला तीनवर उभं केलं.

“शून्य म्हणजे तुझं गाव. वजा आहे, म्हणून तोंड गावाकडं कर. संख्या उणे दोन, म्हणून दोन पावलं मागं सरक.”

मी पाचवर पोचले.

“बघ, गावाकडं बघत बघतच पुढं आलीस की!”

मी अजूनही तशीच चालते.