थेंबकाका आणि बोक्याची मिशी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे थेंबकाका म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. इवल्याशा खळग्यांत प्रथिनाचे थेंब सोडायचे आणि त्यात स्फटिक धरायची वाट बघायची. हात असा स्थिर, की शिंक आली तरी आधी थेंब सुटायचा, मग शिंक.

या वेळचं प्रथिन मात्र महाखट्याळ निघालं. क्षयाच्या जंतूचं एक एन्झाइम, त्याच्या पोटापाण्याची सोय बघणारं. त्याची नेमकी रचना कळली, तर त्याला जाम करणारं औषध शोधता येणार होतं. त्यासाठी एक धड स्फटिक हवा होता, आणि थेंबात उगवत होते नुसते काटेरी झुबके. स्फटिकावरून रचना टिपणाऱ्या क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर संशोधक ताईंचा नंबर शुक्रवारी होता. तो हुकला की पुढचा वर्षभराने. पण ताईंपेक्षा काकांनाच जास्त घाई. त्यांच्या बायकोने लग्नाआधी याच जंतूपायी नऊ महिने गोळ्या गिळल्या होत्या.

"काका, आता मिशी आणा," सोमवारी ताई म्हणाल्या.

मांजराची गळलेली मिशी झुबक्याला टेकवून नव्या थेंबातून ओढली, की तिला चिकटलेल्या कणांवर कधीकधी सुटे स्फटिक वाढतात. काका घरच्या बोक्याच्या मिशा एका डबीत जपून ठेवत. घरी जाऊन कपाट उघडलं, तर डबी गायब.

"ती केसांची डबी? कालच टाकली," बायको म्हणाली. "अहो, हे घर आहे की न्हाव्याचं दुकान?"

काकांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी अडचण सांगितली, तशी तिचंही. बोका खुशाल जांभया देत होता. त्याची मिशी उपटायची काकांची काही छाती होईना. शेवटी दोघं नवरा-बायको सोफ्याखाली आडवे झाले.

"सापडली!" धुळीतून बायकोच ओरडली.

मंगळवारी मिशी धुऊनपुसून थेंबातून फिरली. गुरुवारी तिथे एकुलता एक स्फटिक होता, साखरेच्या दाण्याहून बारीक, कडा अगदी रेखीव. काकांना ताईंसमोरच रडू फुटलं.

दोन महिन्यांनी त्यांनी रचनेचं रंगीत चित्र घरी आणलं. गुंडाळलेल्या फितींचा गुंता आणि मधोमध एक खाच. औषधाने तिथेच जाऊन बसायचं होतं. बायकोने चष्मा लावला.

"हाच का तो मेला?"

"हाच."

ती बराच वेळ त्या खाचेवर बोट ठेवून बसली. मग उठली, आपली दागिन्यांची डबी पलंगावर रिकामी केली आणि काकांपुढे ठेवली.

"मिशा यात ठेवा," ती म्हणाली.