पाच चेहऱ्यांची पट्टी

सर्व्हेला गेलेला माणूस दिवसभरात टॅबलेटमधून दहा-पंधरा फॉर्म वर पाठवतो आणि संध्याकाळी दोन-चार किस्से घेऊन घरी येतो. फॉर्मांचं पुढं काय होतं ते आम्हाला कुणी सांगत नाही. किस्से मात्र आमच्याकडंच साठत जातात आणि चहाच्या गाड्यावर कुणी नुसतं "काय विशेष?" म्हटलं की बाहेर पडतात.

यंदाचं काम आरोग्य विम्याचं होतं. सरकारनं योजनेत सुधारणा केल्या, त्यांचा लोकांवर परिणाम काय झाला हे मोजायचं. मोजणारे आम्ही तिघं. सुपरवायझर साळोखे सर, आमच्यात सगळ्यात जुन्या सुनीताताई कांबळे आणि मी. ऑफिस शाहूपुरीत, एका टायरच्या दुकानावर. ट्रेनिंगला सरांनी एक लॅमिनेट केलेली पट्टी दाखवली. तिच्यावर पाच चेहरे. डावीकडच्या टोकाला रडणारा, उजवीकडच्या टोकाला दात काढून हसणारा, मध्ये उरलेले तीन. योजनेवर किती समाधानी आहात, हे माणसानं पट्टीवर बोट ठेवून दाखवायचं.

"तोंडानं काय बोलतोय ते धरायचं न्हाय," सर म्हणाले. "बोट जिथं टेकलं तेच दाबायचं. शास्त्रीय काम हाय हे."

सरांचा शास्त्रावर फार जीव. आमचा गाडीच्या पेट्रोलवर.

*

पहिल्याच दिवशी करवीरमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी गेलो. विमा आहे का विचारल्यावर गडी खूश झाला. आतून प्लास्टिकची फाईल आणली आणि एकेक कागद माझ्या पुढ्यात मांडायला लागला. ट्रॅक्टरचा विमा, मोटरसायकलचा विमा, दोन्ही म्हशींचा विमा. मी म्हटलं, काका, माणसांचा दाखवा. तो थोडा वेळ फाईल चाळत बसला आणि मग स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडला, "अगं, आपला काढलाय काय गं?"

काढलेला होता, पण कार्ड सापडेना. कपाट झालं, ट्रंक झाली, देवघराच्या मागं हात घालून झाला. मी तोवर दोन पेले दूध संपवलं, कारण त्याशिवाय पावण्याला उठू देत नाहीत. शेवटी तो दमून खाली बसला.

"म्हशीचं बरं हाय पावणं," तो म्हणाला. "बिल्ला कानातच असतोय. आमच्याबी कानात मारा की."

फॉर्मात शेवटी 'इतर सूचना' असा रकाना असतो. मी प्रामाणिकपणे भरला. दुसऱ्या दिवशी सरांनी तो खोडायला लावला.

*

नृसिंहवाडीला एक पेढेवाले भेटले. वय सत्तरीचं. हृदयाचं मोठं ऑपरेशन झालेलं, सगळं योजनेतून, एका पैशाचा त्रास नाही. डॉक्टरांचं कौतुक, नर्सबाईंचं कौतुक, दवाखान्यातल्या उपीटाचंसुद्धा कौतुक. अर्धा तास ऐकून मी मनात म्हटलं, चला, आज एक हसरा चेहरा पक्का. पट्टी पुढं धरली तर त्यांनी बोट बरोबर मधल्या, ठोकळ्यासारख्या चेहऱ्यावर ठेवलं.

मला राहवलं नाही. आजोबा, एवढं चांगलं झालं म्हणता, मग हा का?

"मग काय दात काढू?" ते म्हणाले. "दवाखान्यात गेलतो, लग्नाला न्हाय."

त्या गल्लीत हाच न्याय चालला. सगळी पोक्त माणसं, सगळ्यांची बोटं मधल्यावर. वरून सरांना फोन आला की त्या गावात योजनेचा परिणाम मध्यम का, याचं स्पष्टीकरण द्या. सरांनी दोन पानी स्पष्टीकरण दिलं. त्यात रस्त्यांची अवस्था आणि पूर आला होता. दात कुठंच नव्हते.

*

सुनीताताईंचा किस्सा छोटा आहे. एका बाईंना त्यांनी विचारलं की योजनेत सुधारणा झाल्यापासून दवाखान्यात तुम्हाला काय फरक जाणवला. बाईंनी बराच विचार केला. "आधी हुबं ऱ्हाऊन वाट बघायचो," त्या म्हणाल्या, "आता खुर्च्या टाकल्यात."

ॲपमध्ये उत्तर गेलं, 'सुविधांमध्ये वाढ'.

*

आता माझ्या डब्याचं सांगतो. दुपारी आम्ही तिघं एकत्र जेवायचो आणि माझ्या आईच्या हातचा भात सरांना आवडायचा. एकदा त्यांच्या दाताखाली कचकन खडा आला. गाल धरून म्हणाले, "दात आपल्या योजनेत बसत न्हाय रे."

आम्ही हसलो. पण त्या आठवड्यातला तो तिसरा खडा होता. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, योजनेचं कार्ड काढून आणा, ऑपरेशन करून टाकू. कार्डासाठी तिला कळंब्याहून केंद्रावर न्यायचं, अंगठा द्यायचा, अर्ध्या दिवसाचं काम. आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या दारात उभा राहून विचारत होतो की तुमचं कार्ड काढलंय का.

मी तिला म्हणायचो, सर्व्हे संपू दे. ती म्हणायची, दिसतंय की मला. हे आमचं चार महिने चाललं. ती खोटं बोलतेय हे मला कळत होतं आणि ते माझ्या सोयीचं होतं. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं.

*

शेवटच्या आठवड्यात ॲपनं कळंब्यातली घरं निवडली. कुठलं घर येईल ते ॲप ठरवतं, बदलता येत नाही. यादीत सातव्या नंबरला माझं घर!

स्वतःच्या घरी स्वतः जायचं नाही असा नियम. म्हणून सुनीताताई आत गेल्या आणि मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. आईनं आधी त्यांना चहा पाजला. मग प्रश्न सुरू झाले. कार्ड आहे का? न्हाय. योजनेतून कधी उपचार घेतला का? न्हाय. घरात कुणाचं ऑपरेशन राहिलंय का? यावर आईनं दाराच्या दिशेनं बघितलं आणि ठासून म्हणाली, न्हाय.

कार्ड नसलं तरी समाधान विचारावंच लागतं, ॲप पुढं सरकत नाही. सुनीताताईंनी पट्टी तिच्या पुढ्यात धरली आणि समजावलं की एका टोकाला रडणारा आहे, एका टोकाला हसणारा, तुम्हाला वाटेल त्यावर बोट ठेवा.

"माझ्या पोराचं काम हाय हे," आई म्हणाली. "चांगलंच लिवा."

तिनं पट्टी दोन्ही हातांत घेतली. डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ नेली. मग एका टोकाला बोट घट्ट टेकवलं.

"ह्यो बघा, कसा हसतोय. ह्योच धरा."

बोट डावीकडच्या टोकाला होतं.

सुनीताताईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्यांनी नियमाप्रमाणे बोटाखालचा रडणारा चेहरा दाबला.