पाद्री पणजोबांची वचनं

माझे पणजोबा नगरकडचे पाद्री. तट्टावर बसून गावोगाव उपासना घ्यायला जायचे, आठ-आठ दिवस घरी नसायचे. बाप्तिस्म्याला प्रत्येक लेकराला ते बायबलातलं एक वचन द्यायचे, जन्मभराचं. दिवेलागणीला घरची प्रार्थना. धाकट्यापासून थोरल्यापर्यंत ज्यानं त्यानं आपापलं वचन म्हणायचं, आणि जो बाहेरगावी असेल त्याचं घरच्यांनी म्हणायचं. पणजोबांचं पणजी म्हणायची. फक्त मेलेल्याचं म्हणायचं नाही. त्यांचा एक मुलगा पटकीनं गेला, तरी पणजी त्याचं वचन म्हणतच राहिली. तेव्हा पणजोबा म्हणाले, "तो प्रभूकडे आहे, त्याचं तो तिथे म्हणेल. आपण क्षणभर गप्प बसू." तेव्हापासून आमच्याकडे हाच कायदा.

लग्न झाल्यावर मी ही रीत सासरी नेली. ह्यांना वचन मीच दिलं. नात न्यूझीलंडमध्ये जन्मली, तिला आयएसडी बूथवरून फोनवर दिलं.

२००४ साली हे गेले आणि लेकानं मला न्यूझीलंडला, त्याच्या लोअर हट गावी नेलं. घर मोठं, नळाला चोवीस तास गरम पाणी, आणि बोलायला भिंती! लेक सातच्या ट्रेननं यायचा, सून नर्सिंग होममध्ये शिफ्टला. रविवारी मी जवळच्या लाकडी चर्चमध्ये जायची. लोक भले, हसून "किया ओरा" म्हणायचे, पण उपासना संपली की जो तो आपल्या गाडीत. माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

प्रार्थना मात्र मी सोडली नाही. टेबलाशी मी आणि नऊ वर्षांची नात. ती पिशवीतले पोहण्याचे ओले टॉग्ज काढता काढता आपलं वचन भराभर उरकायची. सुनेचं, लेकाचं आणि माझं मी म्हणायची. मग ह्यांची पाळी. तिथे गप्प बसायचं होतं. पहिल्याच संध्याकाळी मला ते जमलं नाही. त्या घरात आधीच इतकी शांतता, त्यात आणखी कशाला भर घालू? ह्यांचं वचन मी म्हणून टाकलं. मग रोजच म्हणू लागले. पणजोबांना काय वाटायचं ते वाटो!

व्हिसा संपत आला. "मी गेले की हे बंद पडणार," मी लेकाला म्हणाले.

"आई, आम्हाला वेळ कुठे मिळतो गं?"

पणजोबांपासूनची रीत, आणि लेकासुनेला वेळ नाही! मी खूप तणतणले, मग बाथरूमची कडी लावून रडले.

शेवटच्या संध्याकाळी वचनं झाली. पिशवी आवरता आवरता नात तिच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, उद्यापासून तुझं मी म्हणेन. आईबाबांचं आणि आजोबांचंपण. मला सगळी पाठ आहेत."

आजोबांचं नको, मी सांगणार होते. पणजोबांचा कायदा अगदी ओठांवर आला होता.

"आणि तू मेल्यावरसुद्धा म्हणेन," ती म्हणाली. "मेलेल्यांचं म्हणतात ना आपल्याकडे?"

"हो," मी म्हणाले. "म्हणतात."