दुपारची बोट

आमच्या नाटक कंपनीची गाडी कृष्णात चालवायचा. पडदा पडला की आम्ही रंग पुसून मोकळे व्हायचो आणि त्याचं काम तेव्हा सुरू व्हायचं. गाव बघण्यासारखं असलं की सगळे नट देवळाला, किल्ल्याला, समुद्राला पळायचे. हा गाडीच्या सावलीत सतरंजी टाकून झोपलेला असायचा, कारण पुढचा पल्ला त्याच्या डोळ्यांवर होता. आम्ही परत आल्यावर चिडवायचो, "काय कृष्णात, गाव कसं वाटलं?"

"रस्ता बरा हाय की," तो म्हणायचा.

कंपनी बंद पडली तेव्हा मी कोल्हापुरात त्याच्याच गल्लीत खोली घेतली. गाडीतल्या माणसांपैकी शेवटपर्यंत सोबत राहिला तो एकटाच. त्याची बायको विठाबाई तोंडाने तिखट आणि हाताने सढळ. मूलबाळ नव्हतं. दोघं सकाळी उंबऱ्यावर बसून चहा प्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर टीका करायची. त्या टीकेला मी तिकीट लावलं असतं तरी प्रेक्षक आले असते.

कृष्णातचे दोस्त तालमीतले. त्यांचा म्होरक्या उदयसिंह, फरशीचा व्यापारी, आवाज मोठा आणि मनही मोठं. गेल्या हिवाळ्यात त्याने अंदमानची सहल ठरवली आणि थेट विठाबाईच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, कृष्णातला आठ दिवस उसना द्या."

"उसना कशाला, ठेवूनच घ्या. परत द्यायचाच झाला तर दाढी करून द्या."

"जन्मभर दुसऱ्यांस्नी फिरवलं त्यानं. आता मागच्या सीटवर बसायचं आणि नुसतं बघायचं. स्टिअरिंगला हात लावला तर समुद्रात ढकलतो."

कृष्णात बायकोला म्हणाला, "तू बी चल की."

"सगळं गडी. त्यात मी काय तुमची धोतरं सांभाळू? जे बघशीला त्याचं फोटो पाठवा. मी माईंच्यात बसून बघीन."

माई म्हणजे मी. तिने डबाभर कांदा-लसूण चटणी दिली, भडंग दिलं, आणि तो निघाल्यावर कोपऱ्यापर्यंत जाऊन उभी राहिली. परत येताना म्हणाली, "गेला बया एकदाचा," आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही.

फोटो यायला लागले. विमानाचा पंख, तुरुंगाची भिंत, बंदरातली जहाजं. ती चष्मा लावून एकेक मोठा करून बघायची. "ह्याचं पोट बघा माई, फोटोत मावंना." मग त्याचा निरोप आला की उद्या बोटीने लांबच्या बेटावर जाणार, तिथे फोन लागेल की नाही सांगता येत नाही.

त्या सकाळी मी वाटीभर विरजण मागायला गेले तर विठाबाई शेगडीपाशी पडलेली. दूध उतू जाऊन जाळ विझला होता. गल्लीतले डॉक्टर आले, नाडी बघितली आणि हात जोडले. गडहिंग्लजहून तिचा भाऊ, सगळे दादा म्हणतात तो, यायला दुपार झाली. कृष्णातचा फोन लागत नव्हता. उदयसिंहाचा लागला. मी दादाच्या शेजारीच बसले होते, उदयसिंहाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. दादाने बातमी सांगितली तसा तो हळू बोलायला लागला.

"दादा, आत्ता त्याला सांगत न्हाय. आत्ताच काचेच्या बोटीतनं मासं बघून आलाय. लहान पोरागत हसतोय. संध्याकाळी सांगतो. परतीची तिकिटं उद्याची हाईत, परवा सकाळी पोचतो. तुम्ही उरकून घ्या."

मी दादाच्या हातातून फोन घेतला. "उदयसिंह, त्याला दे. आज परतीची बोट मिळाली तर उद्या पोचेल. आपण बर्फाची पेटी मागवू, उद्यापर्यंत ठेवू. त्याला विचार तर खरं."

"माई, तुमी तरी समजून घ्या. एक दिस बघू दे त्याला. जन्मात पहिल्यांदाच बघायला लागलाय."

फोन बंद झाला आणि परत लागला नाही.

जमलेल्या बायका दादाच्याच बाजूने होत्या. परगावी असलेल्याला मेल्याचं सांगायचं नाही, ही आपली रीत. बरं नाही, निघून या, एवढंच सांगायचं. तो वाटभर फळं कुठली न्यावीत याचा विचार करत येतो आणि दारात चपलांचा ढीग बघून त्याला कळतं. दादा म्हणाला, "माई, फोनवर असं कोण सांगतं का?"

सांगतं. मला कृष्णातनेच सांगितलं होतं. माझी आई गेली तेव्हा प्रयोग चंदगडला होता. निरोप मॅनेजरला तिसऱ्या घंटेआधी मिळाला, आणि मी चारी अंक हसत-गात केले. पहाटे मॅनेजर म्हणाला, आईला जरा बरं नाही, जाऊन या. कृष्णातलाही तीच ताकीद होती. गडहिंग्लजच्या अलीकडे त्याने एका चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली, चहा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "माई, आई गेली तुमची. रडायचं ते हितं रडून घ्या. घरात बायका तुमचं तोंड बघत बसतील, नटी कशी रडती म्हणून." मॅनेजर चिडेल, मी म्हणाले. "चिडू दे. ज्याचं माणूस, त्याला आधी कळलं पायजे की."

हे मी त्या बायकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हिरव्या चोळीची तयारी सुरू केली. चारच्या सुमाराला विठाबाईला घाटावर नेलं.

पुरुषमंडळी घाटावरून परतली, दिवा लावला, आणि फळीवरचा तिचा फोन थरथरायला लागला. एकामागून एक फोटो येत होते. हिरवं पाणी, पाण्यावर वाकलेलं झाड, शहाळं तोंडाला लावलेला कृष्णात, डोक्यावर कुणाची तरी बायकी टोपी. शेवटी त्याचा आवाज होता. मी लावायला नको होता, पण बोट लागलं.

"विठा, ही माघारी जाणारी दुपारची बोट बघ. आत्ता सुटली. निम्मी रिकामी चाललीय. पर ड्रायव्हर नंबरी, धक्क्याला जरा घासली न्हाय. पुढच्या वर्षी तुला आणतो. गडी बिडी न्हाईत, आपुन दोघंच."

मी फोन पालथा करून फळीवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जनाची तयारी चालली असताना तो आला. उन्हाने काळा पडलेला, हातात शंखांची पिशवी. मागे उदयसिंह आणि बाकीचे. तो खाली बसला, भिंतीकडे बघत राहिला आणि मला म्हणाला, "माई, ह्यांनी संध्याकाळी सांगितलं, बरं न्हाय म्हणून. मला तवाच कळलं. हे वाक्य घिऊन मी किती गाड्या पळवल्यात." त्याने पिशवी खाली ठेवली. "विमानात म्हणाले, संध्याकाळीच गेली. मग मी दुपारी बोललो ते तिनं ऐकलं असंल न्हवं? बोटीचं?"

उदयसिंहाने माझ्याकडे बघितलं. दादाने बघितलं. सगळ्या खोलीने बघितलं. हो, ऐकलं, हसली, म्हणाली ह्याचं पोट बघा. मला एका श्वासात म्हणता आलं असतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं कुणाला म्हणता आलं नसतं. पण ज्याने मला टपरीवर चहा दिला त्याच्यापुढे ते जमेना.

"नाही, कृष्णात. ती सकाळीच गेली. दुपारी उदयसिंहाला फोन केला होता."

त्याने मान वळवून उदयसिंहाकडे बघितलं. रागाने नाही. अनोळखी गावात माणूस पाटी वाचतो तसं.

"दुपारची बोट सुटली तवा मी धक्क्यावर हुतो. तू माझा फोटो काढलास. म्हणालास, हस की जरा."

"तुझ्यासाठीच केलं रे. तुला एक दिस..." उदयसिंह खरंच रडत होता. वाईट माणूस नाही तो. त्या दिवशी शहाळं त्यानेच सोलून दिलं होतं.

"बसायला जागा हुती," कृष्णात म्हणाला. "निम्मी बोट रिकामी हुती."

मग तो उठला आणि रक्षेसाठी ठेवलेलं पितळेचं भांडं उचललं. एवढ्या लांबून येऊन त्याच्या वाट्याला तेवढं आलं.

भांडण झालं नाही. कृष्णात अजून तालमीपुढच्या कट्ट्यावर संध्याकाळी जातो, दोस्त त्याला पहिल्यासारखं चिडवायचा प्रयत्न करतात, तो चहा संपवून उठतो. शंखांची पिशवी त्याने मला देऊन टाकली. माझ्याही घरात ती न उघडता माळ्यावरच आहे.

परवा उदयसिंह त्याच्या दारात आला होता. विठाबाईच्या जागेवर, उंबऱ्यावर, अवघडून बसला. म्हणाला, "गोकर्णाला जायचं ठरतंय. चल की. समुद्र हाय तिथं."

"येतो," कृष्णात म्हणाला. उदयसिंहाचा चेहरा खुलला.

"गाडी मी चालवणार. तुमी बघून या. मी गाडीपाशी थांबतो."