पहिली ओवी सासूची

सिन्नरच्या कोरड्या अंगाला नवसाबाईचं सासर. तिथं दळायला बसलं की पहिली ओवी सासूची म्हणायची, मग आपली. जातं सासूचं, म्हणून पहिला मान तिचा. एवढी रीत पाळली की बाई मोकळी. मग तिनं आपलं मन दाण्यांबरोबर जात्यात घालावं.

नवसाबाईची सासू म्हणायची,

पहिली माझी ओवी गं, राणीछाप रुपयाला
आजेसासूनं ठेविला, देव्हाऱ्यात पूजेला

बहात्तरच्या दुष्काळात नवसाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. बाभळीला झोळी आणि झोळीत दीड वर्षाची भागी. दुपारी मोटारीतून सुकडी यायची. त्या गोड पिठाचा वास आला की पोर झोळीतून हात बाहेर काढायची. एका दुपारी हात बाहेर आला नाही.

पुढं पाऊस झाला, काम बंद पडलं, जातं पुन्हा फिरू लागलं. सासूच्या ओवीमागं नवसाबाईची आपली ओवी आली.

खडी फोडिते उन्हात, सुकडीची मोटार येई
झोळीत भागी माझी, मागाया उठत न्हाई

भागीचा फोटो नव्हता. जन्माची नोंद कुणी केली नव्हती, मरणाची तर नाहीच. जगात ती उरली होती ती एवढ्या दोन ओळींत.

चौऱ्याण्णव साली नाशिकच्या कॉलेजातल्या ज्योत्स्नाबाई टेप घेऊन गावात आल्या. नवसाबाईनं दोन्ही ओव्या म्हटल्या.

"आजी, कुणाकडून शिकलात?"

"सासूकडनं," नवसाबाई म्हणाली. मान द्यायचा तर पहिल्या ओवीचाच, हे तिच्या हाडात मुरलेलं. ज्योत्स्नाबाईंनी तेवढं लिहून घेतलं, चहा घेतला आणि गेल्या.

सात वर्षांनी पुस्तक आलं. दहावी शिकलेल्या सुनेनं, शुभांगीनं, ओसरीवर बसून ते वाचलं. दोन्ही ओव्या एकाखाली एक छापलेल्या, आणि तळाला बारीक अक्षरात टीप. शुभांगी वाचता वाचता अडखळली.

"थांबली का गं?"

"आत्याबाई, इथं लिहिलंय, राणीछाप रुपयावरून हे गाणं शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळातलं ठरतं. मोटार आन् सुकडी हे शब्द मागाहून शिरलेले. रचणारी अज्ञात."

"अज्ञात म्हंजी?"

"कोण ते माहीत नाय."

नवसाबाईनं उठून लुगडं बदललं. "चल नाशकाला."

ज्योत्स्नाबाईंनी दोघींना बसवलं, पाणी दिलं.

"बाई, राणीच्या राज्यात सुकडीची मोटार कुठून येईल?" नवसाबाईनं विचारलं. "रुपया सासूच्या ओवीतला. मोटार माझ्या ओवीतली. आन् भागी माझी लेक."

"पण तुम्हीच म्हणालात, सासूकडून शिकले."

"तुम्ही एकदाच विचारलं. दुसरी कुणाची, ते विचारलंच नाय."

ज्योत्स्नाबाईंनी चष्मा काढून पुसला. "खरं असेल आजी. पण छापायचं तर आधार लागतो. मुलीचा जन्मदाखला, काही नोंद?"

"तीच तर नोंद होती," नवसाबाई म्हणाली. "ती तुम्ही खोडली."

"पुढच्या आवृत्तीत बघू."

सिन्नरच्या एसटीत शुभांगी म्हणाली, "एवढं शिकलेलं माणूस, आन्..." नवसाबाईनं तिला हातानंच गप्प केलं. पुढची आवृत्ती निघाली नाही. दुकानांत पहिलीच पडून होती.

दोन हजार सहा साली तेच पुस्तक काखेत घेऊन कॉलेजच्या दोन पोरी आल्या. नवसाबाईनं जात्याला हात लावून राणीछाप रुपयाची ओवी म्हटली आणि थांबली.

"आजी, दुसरी म्हणा ना. मुलीची. पुस्तकात आहे."

"मंग पुस्तकातच वाचा," नवसाबाई म्हणाली. "तिची आई तर शंभर वर्षांपूर्वीच मेली. मी कुठून म्हणू?"